फुटण्याआधी ऐकलेला आवाज

१

काचेचा कंडेन्सर गुरुवारी सकाळी फुटला. तो कसा फुटला याचे तंतोतंत वर्णन करणारा लेख बुधवारी संध्याकाळी प्रसिद्ध झाला होता.

लेख ‘फुंकणी’ नावाच्या ब्लॉगवर होता. ब्लॉग लिहिणाऱ्या बाई आमच्या संशोधन संस्थेच्या काच कार्यशाळेत काम करतात, आणि फुटलेला कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करण्यासाठी बाहेरच्या नळीत वेढ्यांची दुसरी नळी बसवलेले उपकरण, त्यांनीच घडवला होता.

शुक्रवारी संचालकांनी मला बोलावले. मी मापन विभागात असते. तराजू, तापमापक, दाबमापक खरे बोलतात की खोटे, हे तपासणे माझे काम. माझ्या पाठीमागे मला ‘मायक्रोमीटर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. नाव चुकीचे नाही.

“मॅडम, तुमचं काचवाल्यांशी घेणं ना देणं,” संचालक म्हणाले. “म्हणून तुम्हीच बघा. कार्यशाळेच्या प्रमुखांचं म्हणणं आहे, बाईंनी लेखासाठी मुद्दाम फोडला. सोमवारी मला निर्णय द्यायचाय. तोवर त्यांना ज्योतीवर काच वळवायला बसू नका म्हणून सांगितलंय.”

“आणि मुद्दाम फोडला असं ठरलं तर?”

“तर ज्योत कायमची बंद. भांडारात बसवू. आणि तो ब्लॉगही.” त्यांनी लेखाची छापील प्रत माझ्याकडे सरकवली. “वाचा. मला तर काटा आला.”

मी वाचले. काटा आला नाही, पण लेख चांगला होता, हे मान्य करायला हवे. माझे निबंध वाचणारे जगात जितके लोक असतील, त्यांहून अधिक लोकांनी या एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. ही गोष्ट मी दोनदा पाहिली, आणि दुसऱ्यांदा पाहण्याची तपासाला काहीच गरज नव्हती.

लेखातला तो भाग असा: ‘कंडेन्सर टेबलावर आहे. कोणी हात लावलेला नाही. ताणलेली तार बोटातून सुटावी तसा एक आवाज होतो, बारीक, लांबत जाणारा. मग आतल्या नळीच्या सर्वांत खालच्या वेढ्यात चीर दिसते आणि जिना चढावा तशी एकेक वेढा वर चढते. ती शेवटच्या वेढ्याला पोचते, आणि बाहेरची नळी सुटते.’

त्याच्याखाली प्रमुखांनी जोडलेला दुसरा कागद होता. कार्यशाळेतल्या ज्येष्ठ कारागिराची, ज्यांना सगळे वस्ताद म्हणतात त्यांची साक्ष, गुरुवारी सकाळीच लिहून घेतलेली: ‘माझी पाठ होती. तार सुटावी तसा बारीक आवाज आला म्हणून वळलो. चीर आतल्या वेढ्यांवरून जिना चढल्यासारखी वर जात होती. मी हात पुढे करेपर्यंत बाहेरची नळी सुटली.’

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

२

काच कार्यशाळेत पहिल्यांदा जाणारा माणूस दारातच थबकतो, तो काचेमुळे नव्हे, कंप्रेसरमुळे. ज्योतीला हवा पुरवणारे हे यंत्र भिंतीशी धडधडत असते, आणि कोणतीही ज्योत पेटलेली असेपर्यंत ते थांबवता येत नाही. कारागीर कानांवर जाड इअरमफ चढवून बसतात. एकमेकांना हाक मारायची, तर छतावरचा दिवा बंद करून पुन्हा लावतात.

प्रमुख काचेच्या केबिनमध्ये बसले होते. त्यांनी दार लावून घेतले तरी ओरडल्यासारखेच बोलत होते. ती इथल्या सगळ्यांची सवय आहे.

“बसा. सरळ हिशोब आहे, मॅडम. बुधवारी बाईंनी कंडेन्सर पुरा करून भट्टीत ठेवला. भट्टीत काच सावकाश थंड होते, आतला ताण निघून जातो. घाईनं थंड केली की ताण आतच राहतो, आणि मग ती कधीतरी आपोआप तडकते. हात लावावाच लागत नाही.”

“म्हणजे बाईंनी भट्टी लवकर बंद केली?”

“केलीच असणार. संध्याकाळी घरी जाऊन लेख टाकला, सकाळी कंडेन्सर टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे येऊन बसली. फुटला तेव्हा ती इथे, माझ्यासमोर! किती सोयीचं!”

“तुमच्याकडे का आल्या होत्या?”

“मीच बोलावलं होतं. पाहुणे आले होते. लोक संस्थेत येतात आणि मला विचारतात, ‘ती फुंकणीवाली कुठे बसते?’ मला! विभागप्रमुखाला! इतकी वर्षं हा विभाग उभा करतोय, एकानं विचारलं नाही की साहेब, तुम्ही काय करता.”

“काय करता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

“वस्तादांनी साक्ष दिली तेव्हा लेख वाचला होता का?” मी विचारले.

“छे! मी स्वतः साक्ष आधी लिहून घेतली, लेख मला दुपारी कोणीतरी पाठवला. आणि वस्तादांकडे बटणांचा फोन आहे. ब्लॉग म्हटलं की ते म्हणतात, ‘आपण नाही बुवा असलं काही वाचत.’ म्हणून तर सांगतो. दोन माणसं, एकमेकांचं न वाचता, तेच लिहितात. याचा अर्थ काय?”

याचे निरनिराळे अर्थ होऊ शकत होते. बाईंना भविष्य कळले, हा अर्थ मी विचारात घेतला नाही.

३

बाई भांडारात रिकाम्या खोक्यावर बसल्या होत्या. चाळिशीच्या, बोटांना भाजल्याचे जुने डाग, चष्मा कपाळावर.

“तारीख बदलता येते ना ब्लॉगवर?” मी सुरुवातीलाच विचारले.

“येते. पण मी बदललेली नाही. माझी एक वाचक आहे, दातांची डॉक्टर, फार लांब राहते. तिनं बुधवारीच लिहिलंय, दातातली चीरही अशीच चढते म्हणून. हा तिचा नंबर, करा फोन.”

मी केला. डॉक्टरीणबाईंनी बुधवारची प्रतिक्रिया त्यांच्याकडून पडताळून दिली आणि वर मलाच विचारले, “त्यांना काही होणार नाही ना? आम्ही कधी भेटलो नाही, पण माझ्या दवाखान्यातला कंटाळवाणा दिवस त्यांच्या लेखानं संपतो.” तारखेचा प्रश्न मिटला.

“अशी चीर चढताना तुम्ही कधी पाहिलीत?” मी बाईंना विचारले.

“कधीच नाही. काच अशी फुटतच नाही बहुतेक. मी रचलं ते. भट्टीत वस्तू ठेवली की रात्रभर धाकधूक असते. ती लिहायची होती. नुसतं ‘मला भीती वाटते’ लिहून कोणाला वाटणार आहे भीती? म्हणून जिना घातला, तार घातली. मॅडम, लिहायला लागले तेव्हापासून मला काच दिसायला लागली. आधी नुसती वळवायचे. आता वळवताना मनात असतं की हे कोणाला तरी सांगायचंय, म्हणून नीट बघते. या कंडेन्सरचे वेढे मी आजवर केलेल्यांत सगळ्यांत चांगले होते. तो मी फोडीन?”

“चांगल्या लेखासाठी?”

“चांगला लेख लिहून झाला होता,” त्या म्हणाल्या. “फोडायची गरज काय?”

तर्क म्हणून हे बिनतोड होते. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य होती.

४

त्यांच्या नवऱ्याचे औषधांचे दुकान आहे. गुरुवारी सकाळी तो संस्थेत आला होता, असे कळल्यामुळे मी गेले.

“चष्मा विसरली होती, तो द्यायला,” तो गोळ्यांची पाकिटे खणात लावत म्हणाला. “फाटकावरच ठेवून घेतात हो. आत कोण सोडतंय?” फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला हेच सांगितले होते.

“तुम्ही ब्लॉग वाचता?”

“नवरा आहे मी. मला वाचावाच लागतो, नाहीतर घरात काय चाललंय ते कळणार कुठून? परवा गिऱ्हाईक विचारतं, ‘काय हो, खिडकीला निळा रंग दिलात म्हणे?’ मी त्या खिडकीखाली झोपतो, मला पत्ता नाही.”

“राग येतो?”

“राग नाही हो.” त्याने एक पाकीट उलटे लावले, काढले, सुलटे लावले. “तिला काही सुचलं की पूर्वी मला जेवताना सांगायची. आता जेवताना गप्प असते. मला कळतं, हिचं लिहिणं चाललंय. म्हणजे पहिला घास दुसऱ्यांना, उरलेलं मला. आणि लिहिते तरी कसलं घर! माझ्या आईचा टीव्ही आमच्याकडे सकाळपासून कोकलत असतो, शेजारी भांडायला येतात. तिच्या लेखातलं घर बघा. टीव्हीच नाही! आईच नाही! अशी शांतता, की वाटतं आपणही जाऊन राहावं.”

मी निघताना तो म्हणाला, “ती फोडणार नाही, मॅडम. माझ्यावर चिडली तरी कप जपून ठेवते.”

संध्याकाळी घरी मी ‘फुंकणी’ पहिल्या लेखापासून वाचायला घेतला. काच, ज्योत, हात, श्वास. सगळे नेमके आणि सगळे शांत. वाचता वाचता नवऱ्याचे बोलणे आठवले आणि मी पुन्हा पहिल्या लेखापाशी गेले. या खेपेला काय लिहिले आहे ते न बघता, काय लिहिलेले नाही ते बघत गेले.

ब्लॉगमधल्या कार्यशाळेत कंप्रेसर नव्हता. तिथे टेबलही एकच होते.

५

शनिवारी सकाळी मी ट्रेमध्ये जपून ठेवलेले तुकडे माझ्या विभागात आणले.

ताण राहिलेली काच ओळखायला एक सोपे साधन आहे: दोन विशिष्ट पडद्यांमध्ये ती धरली की ताणाच्या जागी रंगीत पट्टे दिसतात. ताण नसेल, तर काहीच दिसत नाही. मी तुकड्यामागून तुकडा धरला. काहीच दिसले नाही. काच भट्टीत हवा तितका वेळ राहिली होती, आणि ती आपोआप तडकण्याचे कारण नव्हते. प्रमुखांचा सरळ हिशोब इथे संपला.

मग बाहेरच्या नळीचे तुकडे जुळवले. फुटलेल्या काचेच्या कडेवर बारीक रेषा असतात आणि त्या जिथून फुटायला सुरुवात झाली तिकडे बोट दाखवतात. सगळ्या रेषा एकाच जागेकडे जात होत्या: बाहेरच्या नळीच्या बाहेरच्या अंगावर, नखाएवढी चंद्रकोर. तिच्यावर लोखंडाचा करडा ओरखडा. आतल्या वेढ्यांना चीर गेली होती ती नंतर, आणि खालून वर चढत नव्हे. मधल्या दोन वेढ्यांचा चुरा झाला होता.

म्हणजे कंडेन्सर बाहेरून, लोखंडावर आपटून फुटला होता. तार सुटली नव्हती आणि जिनाही कोणी चढले नव्हते.

तेव्हा मला माझी चूक कळली. मी, आणि सगळेच, एकच प्रश्न विचारत होतो: घटना लेखाशी जुळली कशी? घटना लेखाशी जुळलीच नव्हती. लेखाशी जुळत होती ती साक्ष.

एक शक्यता उरत होती. कदाचित वस्तादांनी खरोखर वळून पाहिले असेल आणि घाईत जे दिसले त्याचा अर्थ चुकीचा लावला असेल. माणसांचे डोळे मी रोज तपासत असलेल्या तापमापकांपेक्षा फार वाईट असतात. पण ते आवाजाने वळले, असे त्यांनी सांगितले होते. कानांची परीक्षा घेता येत होती.

६

वस्ताद ज्योतीवर होते. साठीच्या आसपासचे, खांदे अजून ताठ. कंप्रेसर धडधडत होता, कानांवर इअरमफ, दाराकडे पाठ. शेजारचे टेबल बाईंचे, रिकामे. वस्तादांच्या टेबलाच्या कडेला काच धरून ठेवण्याचे लोखंडी स्टँड उभे होते.

बाईंना मी दाराशी थांबायला सांगितले होते. रद्दी काचेच्या खोक्यातून एक परीक्षानळी घेतली, बाईंच्या टेबलापाशी गेले आणि फरशीवर सोडली.

वस्ताद वळले नाहीत.

मी कंडेन्सरच्याच जाडीची नळी घेतली आणि टेबलाच्या कडेवर आपटून फोडली. तुकडे त्यांच्या खुर्चीच्या पायापर्यंत घरंगळले. त्यांच्या हातातली काच त्याच गतीने फिरत राहिली.

मग मी छतावरचा दिवा बंद करून लावला.

त्यांनी मागे पाहिले. मला पाहिले, फरशी पाहिली, दाराशी उभ्या असलेल्या बाईंना पाहिले. ज्योत विझवली, कंप्रेसर बंद केला. इतक्या वर्षांत ती खोली शांत असताना मी प्रथमच पाहत होते.

“किती फोडल्यात?” त्यांनी विचारले.

“दोन. तुम्ही कोणत्या आवाजाला वळलात, वस्ताद?”

त्यांनी इअरमफ गळ्यात ओढले.

“त्या वेळी तुमची ज्योत चालू होती?”

“होती.”

“मग तार सुटल्याचा आवाज इथे ऐकू येत नाही. तो फक्त ब्लॉगमध्ये ऐकू येतो. तुम्ही तो वाचत नाही म्हणता.”

“वाचत नाहीच,” वस्ताद म्हणाले. “सूनबाई वाचते. जेवणं झाली की मोठ्यानं वाचून दाखवते. मी ऐकतो.”

दारातून बाई पुढे आल्या. “सगळे?”

“पहिल्यापासून. काही काही दोनदा.”

“मला कधी एका शब्दानं बोलला नाहीत!”

“तू विचारलंस? पूर्वी एकेक वेढा झाला की दिवा मारायचीस. वस्ताद, बघा ना. वस्ताद, हे बरोबर का. मग ते बंद झालं. हे वेढे तू कसे घातलेस, ते मला सुनेच्या तोंडून कळतं. माझ्या हाताखाली शिकलेली पोर माझ्या हातभर अंतरावर काम करते, आणि मला घरी जाऊन ऐकावं लागतं!”

“बरं,” मी म्हणाले, “बुधवारी काय ऐकलंत?”

ते माझ्याशी नाही, बाईंशी बोलले. “शेवटची ओळ. ‘वाचकांनो, ही भीती तुमच्याशिवाय मी कोणाला सांगितली असती?’ असंच आहे ना? ती दातांची डॉक्टर. तो कोण लिहितो तो, समुद्रावरचा. त्यांना सांगितलीस. तुझी पहिली बाटली भट्टीत होती तेव्हा भट्टीपाशी कोण बसलं होतं तुझ्याबरोबर? ती डॉक्टर?”

“तुम्ही,” बाई म्हणाल्या.

“इतके लेख ऐकले. प्रत्येक वेळी वाटायचं, आज येईन मी त्यात. टेबल येतं, फुंकणी येते, फरशीवरचा डागसुद्धा आला. मी नाही.”

“तुम्हीच म्हणाला होतात ना! पहिल्याच दिवशी! ‘माझं नाव कुठे घालू नकोस, आपल्याला नाही आवडत.’ म्हणून मी तुमचं टेबलच काढून टाकलं. टेबल आलं की माणूस येतो.”

“म्हणालो होतो,” वस्ताद म्हणाले. “ऐकायला नको होतंस.”

कोणी हसले नाही, पण बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, जो अर्धवट हसण्यासारखा होता.

“गुरुवारी,” मी आठवण करून दिली.

“गुरुवारी तिला केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांना ती हवी होती. कंडेन्सर टेबलावर होता. उचलून उजेडात धरला. चूक शोधत होतो, खोटं कशाला बोलू. एक सापडली नाही. माझ्याच्यानं असे वेढे झाले नसते. खाली ठेवताना स्टँडला लागला.”

“लागला की लावला?”

त्यांनी स्टँडकडे पाहिले. “लावला,” ते म्हणाले. “मग केबिनमधून तुकडे दिसले तसे प्रमुख धावत आले, काय झालं, काय झालं. मला काही सुचेना. जे कानात होतं ते सांगून टाकलं. तुझ्यावर बालंट येईल असं मनात नव्हतं, पोरी. तसं डोकं चालत असतं, तर दुसरं काहीतरी सांगितलं असतं.”

हे मला पटले. बाईंवर आळ घालायचा असता, तर इतकी चांगली साक्ष कोणी दिली नसती. ते आदल्या रात्री ऐकलेल्या कार्यशाळेतून बोलत होते, जिथे कंप्रेसर नव्हता, आणि तेही नव्हते.

बाईंनी फरशीवरचे तुकडे गोळा करायला घेतले. वस्ताद खाली वाकून त्यांना मदत करू लागले. “हाताला लागेल,” बाई म्हणाल्या. “झाडू आणा.”

७

माझा अहवाल एका पानाचा आहे. बाईंनी भट्टी नियमानुसार चालवली. काचेत ताण नव्हता. त्यांना सोमवारपासून ज्योतीवर बसू द्यावे. ब्लॉगचा या घटनेशी गैरवर्तन म्हणून काही संबंध नाही. वस्तादांनी स्वतःच्या हाताने कबुलीजबाब जोडला आहे. त्यांचे काय करायचे ते संचालकांनी ठरवायचे आहे. बाईंनी त्यांच्यासाठी रदबदली केली आहे, तीही सोबत जोडली आहे.

‘कारण’ या रकान्यात मी प्रथम ‘बाह्य आघात’ एवढेच लिहिले होते. ते बरोबर होते, पण पुरे नव्हते, म्हणून खोडून पुन्हा लिहिले:

‘कंडेन्सर वस्तादांनी मत्सरापोटी लोखंडी स्टँडवर आपटल्यामुळे फुटला. त्यांना मत्सर बाईंच्या कामाचा होता, आणि त्याहून अधिक त्यांच्या वाचकांचा. फुटल्याचा आवाज कोणीही ऐकला नाही. साक्षीत नोंदवलेला आवाज वस्तादांनी आदल्या रात्री, जेवणानंतर, सुनेकडून ऐकला होता.’